छततंबू मिळणेबाबत

वर झोपायचं की खाली, या एका प्रश्नावर आमच्या घरात दहा आठवडे चर्चा झाली. मोटारीने पाच दिवसांच्या प्रवासाला जायचं, वाटेत मुक्काम तंबूत करायचा, तर तो तंबू मोटारीच्या टपावर बसवलेला असावा की जमिनीवर ठोकलेला, एवढाच तो प्रश्न. ज्यांना तो किरकोळ वाटत असेल त्यांनी आपल्या घरी एकदा विचारून पाहावा. माझं लग्न ठरवताना दोन्हीकडची वडीलधारी मंडळी मिळून पाऊण तास बोलली होती, आणि त्यातली वीस मिनिटं हवापाण्यावर गेली होती.

सुरुवात आईने केली. एका रविवारी दुपारी ती वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. एक चादर तिने झटकली, ती हवेत फुगून हळूहळू तिच्या डोक्यावर उतरली आणि आई आत तशीच बसून राहिली. मला वाटलं, अडकली. मी उठणार तेवढ्यात चादरीतून आवाज आला, "मला एकदा तंबूत झोपायचंय."

आमचे बाबा जमीनमोजणी खात्यात होते. वर्षातले आठ महिने ते लांबच्या एका कोरड्या पठारावर तंबू ठोकून राहत आणि उरलेले चार महिने घरी येऊन त्या पठाराबद्दल बोलत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आई त्र्याहत्तरची आहे. तिने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणजे पंखा कमी कर, दूध उतू चाललंय बघ, असं सांगितलं आहे, पण त्याला मागणं म्हणत नाहीत. शिवाय तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन तीन महिन्यांवर आलं होतं आणि त्यानंतर वर्षभर प्रवासाचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्र्याहत्तराव्या वर्षी वर्षभरानंतरचे बेत करायचे म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. म्हणून मी तिथल्या तिथे जाहीर केलं की ऑपरेशनच्या आधी आपण चौघं, म्हणजे आई, मी, बायको आणि मुलगी, त्या पठारावर जाऊ आणि आई तंबूत झोपेल. आईने चादर डोक्यावरून काढली, "बरं" म्हणाली आणि अभ्रे घडी करायला घेतले.

आमची मुलगी कॉलेजात आहे. तिने अर्ध्या तासात शोधून काढलं की हल्ली तंबू दोन जातींचे असतात. एक आपला नेहमीचा, खुंट्या मारून जमिनीवर ताणायचा. दुसरा मोटारीच्या टपावर पेटीसारखा मिटून बसतो, कुलपं उघडली की फुलतो आणि वर जायला सात पायऱ्यांची शिडी असते. मला हा दुसरा पाहताक्षणी आवडला. मोटार चालवत कुठेतरी जायचं, थांबायचं आणि वर जाऊन झोपायचं, यात काहीतरी असं होतं की त्या दिवसापासून ऑफिसात टेबलावर फायली असायच्या आणि मी नसायचो. मी पठारावर असायचो. चारी बाजूंना पिवळं गवत, वारा पडलेला, आणि मी जमिनीपासून सात पायऱ्या वर आडवा पडून ढग मोजतोय. दोनदा साहेबांनी काहीतरी विचारलं आणि मी फार लांबून परत आल्यासारखा "हो" म्हणालो. दोन्ही वेळा उत्तर "नाही" असायला हवं होतं.

ही बातमी इमारतीत कशी पसरली ते मला ठाऊक नाही, कारण मी ती फक्त लिफ्टमध्ये सांगितली होती. पहिले आले तळमजल्यावरचे कर्नल. ते सैन्यात कधीच नव्हते, आयुष्यभर त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. पण मिशा तशा आहेत आणि सकाळी फिरायला जाताना हातही तसेच हलतात. त्यांचं मत जमिनीच्या बाजूने पडलं. शत्रू आला तर तंबूतून पळता आलं पाहिजे, टपावरून पळणार कुठे? मी विचारलं, कोण शत्रू? ते म्हणाले, हेच तर आधी कळत नसतं. तिसऱ्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांनी साप, विंचू आणि गोगलगायी यांचा दाखला देऊन टपाची बाजू घेतली. गोगलगाय काय करते, असं बायकोने विचारल्यावर त्या म्हणाल्या की करत काही नाही, पण असते. मग त्यांना त्यांचा एक मावसभाऊ आठवला, जो झोपेत वरून खाली पडला होता, आणि त्यांचं मत बदललं. चौथ्या मजल्यावरच्या विमा एजंटाने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि आईचं वय विचारलं.

आता हाडांच्या डॉक्टरांचं काय म्हणणं आहे, ते पाहावं म्हणून मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आईची फाइल उघडली आणि दोन वाक्यं सांगितली. शिडी चढायची नाही. जमिनीवर बसायचं नाही. मी म्हणालो, डॉक्टर, याच्या मधलं काही? ते म्हणाले, मधे म्हणजे कुठे? परत येताना रस्त्यात मी पुष्कळ विचार केला. आईला शिडीवरून चढवायची की जमिनीवरून उठवायची, यात कशात तिचे कमी हाल होतील? रात्री जेवताना आम्ही तिघांनी यावर मतदान घेतलं. आई तेव्हा आत टीव्ही पाहत होती, तिला त्रास नको म्हणून आम्ही दार लोटून घेतलं होतं.

मतदान बरोबरीत सुटलं, कारण मुलीने दोन्हीकडे हात वर केला. तेव्हा प्रत्यक्ष पाहून ठरवू म्हणून आम्ही तिघं शनिवारी तंबूंच्या दुकानात गेलो. मोठंच्या मोठं दालन होतं, जमिनीवर हिरवा गालिचा, आणि त्यावर एका बाजूला तंबूंची ओळ तर दुसऱ्या बाजूला एक चकचकीत मोटार, टपावर तंबू फुललेला. विक्रेती मुलगी फार गोड बोलत होती. "वर जाऊन बघा ना सर," असं तिने म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. मी बूट काढले, सात पायऱ्या चढलो, आत गादीवर आडवा झालो आणि जाळीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. तिकडे छताला पांढऱ्या ट्यूबलाइट होत्या, पण कापडातून त्यांचा उजेड गाळून येत होता आणि सकाळी सहाच्या सुमाराचा वाटत होता. एसीचा वारा कापडाला हळूच ढकलत होता. खाली बायको गादीची जाडी, कापडाचा दर्जा असं काहीबाही विचारत होती; ती शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे आणि कुठल्याही वस्तूचं लेबल शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिला हात लावत नाही. तिचा आवाज लांब लांब गेला. मग पिवळं गवत आलं.

मी उठलो तेव्हा दुकानातले दिवे अर्धे बंद होते. जेवणाची सुट्टी झाली होती. खाली एक सहा माणसांचं अनोळखी कुटुंब डबे उघडून बसलं होतं आणि त्यांच्यातल्या आजोबांनी माझ्याकडे पाहून घरच्यांना सांगितलं, "बघा, झोप चांगली लागते." बायको आणि मुलगी समोरच्या बाकावर बसून चणे खात होत्या. मी किती वेळ झोपलो होतो ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही, पुढे मात्र अनेकांना सांगितलं. शिडीवरून उलटं उतरताना माणसाचा मान टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तरी खाली येऊन मी गंभीरपणे म्हणालो, टपावरचाच घ्यायचा. आईला वर वाकावं लागणार नाही, आणि चढवण्याचं काय ते मी बघेन.

पण घरी येऊन मोजमाप घेतलं तर नवीनच भानगड निघाली. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगला एक तुळई आहे. मोटार अधिक तंबू अशी बेरीज त्या तुळईपेक्षा चार बोटं जास्त भरत होती. म्हणजे मोटार समोरच्या मोकळ्या जागेत उभी करावी लागणार, आणि त्यासाठी सोसायटीच्या कमिटीची परवानगी हवी. इथे मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. कारण अर्ज लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे. आमच्या ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राचा मसुदा मी करतो, गेली चोवीस वर्षं. 'करावे' आणि 'करण्यात यावे' यांत फरक काय, हे मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं.

मी दोन संध्याकाळी बसून मसुदा केला. "विषय: छततंबू उभारणीसाठी मोकळी जागा वापरण्यास परवानगी मिळणेबाबत." खाली लिहिलं होतं की सदर छततंबू अर्जदाराच्या कुटुंबाच्या वापरासाठी असून त्याची उंची विचारात घेता तो आच्छादित जागेत ठेवणे शक्य नाही, सबब मोकळी जागा उपलब्ध करून देण्यात यावी, अर्जदाराच्या मातोश्रींच्या प्रकृतीच्या कारणास्तव निर्णय त्वरेने व्हावा. बायकोने वाचलं आणि म्हणाली की यात मोटार कुठे आहे? मी म्हणालो, छततंबू म्हटलं की मोटार आलीच. ती म्हणाली, सरळ 'गाडीच्या टपावरचा तंबू' लिहा. मी तिला समजावलं की टप हा बोलण्यातला शब्द आहे, अर्जात टप लिहीत नाहीत. ती म्हणाली, का? या 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण चोवीस वर्षं होती.

आठ दिवसांनी सेक्रेटरी स्वतः घरी आले. हे गृहस्थ कोणाच्या घरी जात नाहीत, लोकांनाच बोलावून घेतात. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की सोसायटी स्थापन झाल्यापासून इतका स्पष्ट अर्ज त्यांच्या हातात पडलेला नाही. शब्द न् शब्द जागच्या जागी. एरवी लोक काय लिहितात ते कळतच नाही. कमिटीत तो मोठ्याने वाचून दाखवला गेला आणि दोन सभासदांनी प्रत मागितली. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मधूनमधून बायकोकडे पाहत होतो. मग त्यांनी परवानगीचं पत्र दिलं. नियम क्रमांक अकरानुसार 'छत' म्हणजे इमारतीचा सर्वांत वरचा मोकळा भाग, ऊर्फ गच्ची. सदर गच्चीवर अर्जदारास सहकुटुंब एक रात्र तंबू उभारण्यास परवानगी देण्यात येत होती. गच्चीत खुंट्या मारू नयेत. पाण्याच्या टाक्यांना दोऱ्या बांधू नयेत. स्टोव्ह पेटवू नये.

मी पत्र दोनदा वाचलं. बायको पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ आली नाही, आणि स्वयंपाकघरातून खोकल्यासारखा आवाज येत राहिला. सेक्रेटरींना त्या क्षणी सांगता आलं असतं की अहो, मला गच्ची नको होती, अंगण हवं होतं. त्यासाठी एवढंच मान्य करावं लागलं असतं की सोसायटीच्या इतिहासातला सर्वांत स्पष्ट अर्ज कोणालाही कळला नव्हता. मी "आभारी आहे" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खरं बोलायचं मी ठरवलं होतं. पण सकाळी आई खाली भाजी आणायला गेली आणि तिने नोटीसबोर्डवर ते पत्र वाचलं. वर आली ती दम लागलेली होती, चेहरा मात्र वेगळाच दिसत होता. "मिळाली म्हणे परवानगी," ती म्हणाली. मग तिने कपाटातून तिची छोटी पिशवी काढली आणि तीत एक शाल, एक टॉर्च आणि वाचायचा चष्मा ठेवला. दहा आठवड्यांत आम्ही केलेल्या सगळ्या चर्चांपैकी तिला फक्त एवढंच कळलं होतं की तंबू ठरला. त्या पिशवीकडे पाहिल्यावर माझी प्रतिष्ठा वगैरे मला फार लहान वाटली. एक रात्र तर एक रात्र, ती वरच होऊ दे, असं मी मनाशी म्हटलं.

गच्चीवर टप नसतो, त्यामुळे टपावरचा तंबू चालणार नव्हता. विक्रेत्या मुलीने जमिनीवरचा एक तंबू दोन दिवस वापरून पाहायला दिला. म्हणजे अखेर जमिनीवरचा तंबू छतावर लागला आणि दोन्ही पक्षांना आपण जिंकल्यासारखं वाटलं. शनिवारी संध्याकाळी अर्धी इमारत खुर्च्या घेऊन वर आली. कर्नलांनी पूर्व दिशा कुठे ते पाहून आज्ञा द्यायला सुरुवात केली. खुंट्यांना मनाई असल्याने कुंड्या, गाणाऱ्या बाईंची जुनी हार्मोनियमची पेटी आणि विमा एजंटाने आणलेली कागदपत्रांची ट्रंक अशी चार कोपऱ्यांना वजनं ठेवली. तंबू दोनदा उभा राहिला आणि दोनदा आमच्या अंगावर बसला. आतून मला लोकांचे आवाज येत होते, संध्याकाळचा नारिंगी उजेड कापडातून आत शिरत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला लगेच बाहेर यावंसं वाटलं नाही. तिसऱ्यांदा तो उभा राहिला. एक काठी उरली. ती कुठली, यावर कर्नल आणि सेक्रेटरी बराच वेळ बोलत होते.

आता आईला वर आणायचं. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच येते, पुढे पंधरा पायऱ्या. खुर्चीत बसवून चौघांनी उचलायची, असा कर्नलांचा आराखडा होता. कुणी कुठला पाय धरायचा ते त्यांनी खडूने जमिनीवर काढून दाखवलं. आम्ही खुर्ची घेऊन खाली निघालो तर आई गच्चीच्या दारापाशी पिशवी घेऊन उभी होती. आम्ही आकृती पाहत असताना ती जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी आडवी चढत वर आली होती. बायकोने तंबूत घडीची खाट टाकून ठेवली होती, त्यामुळे आईला जमिनीवर बसावंही लागलं नाही. दहा आठवडे मला 'मधलं काही' सापडलं नव्हतं, ते घरातल्या माळ्यावर पडलेलं होतं. मी बायकोला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही मतदान घेतलंत, विचारलं नाहीत.

आई म्हणाली, मी एकटी झोपेन. आम्ही तिघं बाहेर गाद्या टाकून पडलो आणि लगेच झोपलो. जाग आली तेव्हा उजाडत होतं. तंबूचं दार उघडं होतं आणि आई खाटेच्या कडेवर बसून समोर पाहत होती. ऊन नुकतंच आलं होतं, त्याने तंबूचं एक अंग उजळलं होतं, आणि आईचा चेहरा, हात, शाल सगळं त्या रंगात बुडालं होतं. मी आत जाऊन तिच्याजवळ बसलो. खाट थोडी करकरली.

"रोज असा उजेड यायचा ह्यांना," आई म्हणाली. "तीस वर्षं."

मी म्हणालो, हो.

"लग्न झाल्यावर मी म्हटलं होतं, मला न्या. हे म्हणाले, तुझे हाल होतील. मग दरवर्षी तेच. हाल होतील, हाल होतील. मी आपली इथे बसून ह्यांच्या हालांची काळजी करायची." ती हसली, आणि हसता हसता थांबली. "मी गेले असते रे. हाल झाले असते तरी गेले असते. पण ह्यांनी मला विचारलं नाही, ठरवून टाकलं."

मला बाबांची बाजू घ्यायची होती. तेव्हाचे दिवस, तेव्हाचे रस्ते, असं काहीतरी तोंडाशी आलं होतं. पण डॉक्टरांकडे एकटाच गेलेलो मी, लोटलेलं दार, वर झालेले हात, हे सगळं डोळ्यांसमोर आलं. मसुदे करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, पण पुढचं वाक्य मला चारदा मनात जुळवावं लागलं. "आई, तुला कुठला तंबू हवाय? वरचा की खालचा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "मी वरचा पाहिलाय कुठे? दुकानात तुम्ही तिघंच गेला होतात."

त्याच दिवशी दुकान उघडायच्या वेळेला आम्ही चौघं दारात होतो. विक्रेत्या मुलीने मला ओळखलं आणि हसू दाबलं. आईने मोटारीभोवती एक फेरी मारली, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि शिडीच्या तळाशी चपला काढल्या. "आजी, जपून हं," ती मुलगी म्हणाली. मी डॉक्टरांचं नाव घेणार, तेवढ्यात आईने हात वर केला. "गुडघे माझे आहेत," ती म्हणाली, "तू शिडी धर." मी शिडी धरली. एक पायरी, मग थांबायचं; एक पायरी, मग थांबायचं. मला वाटतं, त्या सात पायऱ्यांना पाच मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ दुकानात कोणी जागचं हललं नाही. मग तिचे तळवे आत दिसेनासे झाले.

वरून काहीच आवाज येईना. मी खालून हाक मारली, विचारलं की बरं वाटतंय ना, पडलीस का, पाणी हवं का.

"वर ये," आई म्हणाली. "जागा आहे."

मी बायकोच्या हातात शिडी दिली आणि बूट काढायला खाली वाकलो.